निंबखेडच्या दोन बाटल्या

जानराव भित्रा होता, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर मी त्याची कड घेतोय असं पुढे कुणाला वाटायचं. तो प्रिन्सिपॉलांना भ्यायचा, त्यांच्या कुत्र्याला भ्यायचा, तेजाबाच्या बरणीला भ्यायचा आणि टपालाने आलेल्या कुठल्याही पाकिटाला भ्यायचा. अमरावतीच्या आमच्या कॉलेजात तो रसायनशाळेचा शिपाई होता. सहा वर्षं झाली तरी कायम झालेला नव्हता. दर जूनमध्ये त्याचा नेमणुकीचा कागद नवा निघायचा, त्यामुळे मे महिना लागला की त्याचं जेवण अर्ध्यावर यायचं.

मी तिथे इतिहास शिकवायचो. मीही काही कमी भित्रा नव्हतो. मला पगार जास्त होता, म्हणून माझ्या भीतीला लोक विचारी स्वभाव म्हणायचे, एवढाच फरक.

छत्तीस सालच्या दिवाळीनंतर नागपूरहून विद्यापीठाचं एक पत्रक आलं. प्राध्यापकांनी आपापल्या विषयाची खोली धरून जन्म घालवू नये, निरनिराळ्या विषयांच्या माणसांनी एकत्र बसावं आणि प्रांताचा एखादा प्रश्न मिळून अभ्यासावा, असं त्यात होतं. आमच्याकडे लगेच ‘संयुक्त अभ्यासमंडळ’ निघालं. रसायनाचे कमलाकांतराव पाठक अध्यक्ष, गावातले डॉक्टर भगवंतराव सभासद, अकोल्याहून शेतकी खात्याचे रामराव यायचे, आणि चिटणीस मी. चिटणीस मी कारण माझं अक्षर चांगलं होतं. दुसरं काही कारण असेल असं मला कधी वाटलं नाही.

प्रश्न घेतला खारपाणपट्ट्याचा. पूर्णेच्या दोन्ही अंगांना, दर्यापूर-मूर्तिजापूरपासून अकोल्याकडे, जमीन काळीभोर आणि कपाशी झकास, पण विहिरीला पाणी लागतं ते मिठाचं. सरकारने कबूल केलं होतं, की चौदा गावं तपासा आणि ज्या गावाचं पाणी सर्वांत वाईट ठरेल त्याचं नाव द्या, तिथे पावसाचं पाणी साठवायला तलाव बांधू. तलाव एकच. अहवाल मेच्या एक तारखेच्या आत हवा होता.

आता मंडळ म्हणजे काय, तर चार माणसं एका टेबलाभोवती बसून चार भाषा बोलायची. डॉक्टर मुतखड्यांचे आकडे सांगत तेव्हा रामराव घड्याळ पाहत. रामराव कपाशीच्या बोंडावर घसरले की डॉक्टर डोळे मिटून घेत. मी जमाबंदीच्या जुन्या कागदातलं वाचून दाखवलं की तिघेही चहा मागवत. कमलाकांतराव बोलत तेव्हा मात्र सगळे ऐकत, कारण ते आवाज चढवत नसत आणि त्यांचं कधी चुकत नसे.

पाणी आणायचं काम त्यांनी जानरावला दिलं. बाटली कशी बुडवायची हे स्वतः हौदावर करून दाखवलं. बाटलीच्या बुडाला शिशाचं वजन, गळ्याला एक दोरी, बुचाला दुसरी. विहिरीच्या काठावर उभं राहून बाटली पाण्यात दोन हात खोल सोडायची आणि मग बूच ओढायचं. प्रत्येक गावच्या दोन बाटल्या. प्रत्येक बाटलीला चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर छापलेलं: ‘हा नमुना मी स्वतः विहिरीतून काढला आहे.’ खाली जानरावची सही.

“जमेल ना?” कमलाकांतरावांनी विचारलं.

“हो जी,” जानराव म्हणाला. नाही म्हणायला जेवढा धीर लागतो तेवढा त्याच्यापाशी नव्हता.

तो मूळचा तिवशाकडचा, गोड्या पाण्याच्या मुलखातला. खारपाणपट्ट्याशी त्याचा संबंध एवढाच, की त्याची थोरली बहीण दुर्गाबाई निंबखेडला दिली होती. आईमागे तिनेच त्याला वाढवलं. वर्षातून एकदा तो तिच्याकडे जायचा आणि दोन दिवस राहून यायचा. चौदा गावांत निंबखेडही होतं, याचा त्याला आनंद झाला. फेब्रुवारीत तो दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, घेऊन गेला आणि बारा दिवसांनी अठ्ठावीस बाटल्या घेऊन आला. एकही फुटली नव्हती. चिठ्ठ्यांवर सह्या होत्या.

बाटल्या तपासायच्या कृतीला मी एकदा हजर होतो. पेल्यात पाणी घेऊन त्यात रुप्याच्या क्षाराचे दोन थेंब टाकायचे. मीठ असलं तर पाणी दुधासारखं पांढरं होतं, नसलं तर जरासं धुकं येऊन राहतं. चौदा गावांचे चौदा पेले ओळीने मांडले होते. धाबेवाडीचा पेला सर्वांत पांढरा झाला. निंबखेडचा जवळजवळ जसाच्या तसा राहिला. चौदात दुसऱ्या नंबरचं गोड पाणी निंबखेडचं.

मार्चच्या बैठकीत डॉक्टर तडकले. “माझ्याकडे एकट्या निंबखेडचे सतरा मुतखडे आलेत तीन वर्षांत. धाबेवाडीचे चार. तुमचं पाणी खोटं बोलतंय, कमलाकांतराव.”

“पाणी बोलत नाही, डॉक्टर. रोगी बोलतात,” कमलाकांतराव म्हणाले.

माझ्या हातात जमाबंदीचा साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा कागद होता. त्यात निंबखेडपुढे स्पष्ट लिहिलं होतं: ‘पाणी खारे, जनावरे तोंड लावीत नाहीत.’ मी तो वाचला. कमलाकांतरावांनी शांतपणे विचारलं, “लिहिणाऱ्याने ते मोजलं होतं?” मी म्हटलं, तसं काही दिसत नाही. आणि कागद घडी करून खिशात ठेवला. त्या वर्षी माझ्याही कायम होण्याचा प्रश्न होता आणि कमलाकांतराव ते ठरवणाऱ्या समितीवर होते.

पुढच्या बैठकीत डॉक्टरांचा मुतखड्यांचा तक्ता अहवालातून काढायचा आणि धाबेवाडीचं नाव द्यायचं, असं जवळपास ठरलं. जानराव दाराशी उभा राहून हे ऐकत होता. बहिणीच्या गावचं पाणी दुसरं आलं, एवढंच त्याला कळलं, आणि होळीला तो ही खुशखबर घेऊन निंबखेडला गेला.

तिथे काय झालं ते त्याने मला नंतर सांगितलं. इतिहासाच्या खोलीत भर दुपारी तो आला, दार लोटून घेतलं आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. मला वाटलं, तेजाब सांडलं.

“सायेब, थे पानी विहिरीचं नोहे.”

“कुठलं पाणी?”

“बाटल्यातलं. साऱ्याच.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्याने दुर्गाबाईला सांगितलं होतं, बाई, तुमच्या गावचं पानी चौदात दुसरं आलं. ती कापूस निवडत होती. ती हसायलाच लागली. “कोनतं पानी रे? तू बाटलीत भरून नेलं थे? थे त पावन्याचं पानी. नाल्याच्या रेतीत झिरा हाय, दोन कोसावर, तिथून डोक्यावर आनतो आमी. येरवी आमी हे पेतो.” आणि तिने कोपऱ्यातला दुसरा माठ दाखवला. जानरावने ओंजळभर तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं. त्या माठाजवळच त्याची भाची तारा, नऊ वर्षांची, गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. मुतखड्याची कळ होती. दर चार दिवसांनी यायची.

“अकरा वर्सं झाली मी तिच्या घरी जाऊन राहिलो, सायेब,” तो म्हणाला. “दर खेपेले गोडं पानी पेलो. मले वाटे, गावचं पानीच असं हाय.”

खारपाणपट्ट्यात पाहुण्याला कुणी खारं पाणी देत नाही. घर कितीही गरीब असो, पाहुण्याचा माठ वेगळा असतो. हे तिथल्या लेकराला ठाऊक होतं आणि आमच्या मंडळातल्या चार विद्वानांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. जानराव चौदा गावांत ज्या-ज्या घरी टेकला, तिथे त्याने बाटल्या दिल्या आणि म्हटलं, तुमचं प्यायचं पाणी भरून द्या. बायांनी पाहुण्याची अब्रू राखली. धाबेवाडीसारख्या गावाला पाहुण्यासाठीही जरा खारटच पाणी मिळत असणार, म्हणून त्यांचा पेला पांढरा झाला.

“पण तू विहिरीवर का गेला नाहीस?” मी जवळजवळ ओरडलोच. “तुला दोरी दिली, वजन दिलं, सगळं दाखवलं!”

तो खाली बघत राहिला. “खोटी सही केली मी. जेल होते का जी?”

खरं सांगायचं तर मीही अडकलो होतो. नमुन्यांच्या यादीवर चिटणीस म्हणून माझी सही होती. कमलाकांतरावांचा सबंध तक्ता, म्हणजे मंडळाची चार महिन्यांची मेहनत, या माणसाने ओट्यावर बसून पाण्यात घातली होती. आणि हे त्यांना सांगणार कोण? सांगणाऱ्याकडे ते ज्या नजरेने पाहतील ती मला आत्ताच दिसत होती.

“कुणाला सांगितलंस?”

“कोनाले नाई.”

“मग सांगू नकोस,” मी म्हणालो.

मी त्याला असं म्हणालो. इथे लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे कुठेच ते लिहिलेलं नाही.

“पन तलाव दुसऱ्या गावाले जाईन, सायेब.”

“जाईल. त्यांनाही तहान लागतेच. तुझी नोकरी राहील, जेल टळेल. गप्प बस.”

“हो जी,” तो म्हणाला आणि गेला. मला सुटल्यासारखं वाटलं, पण ते तेवढ्यापुरतंच. पुढचे आठ दिवस दारावर कुणी टकटक केली तरी मी दचकत होतो. जानराव समोरून आला की मी वऱ्हांड्याच्या दुसऱ्या टोकाला वळायचो. तो वाळत चालला होता. एकदा मी त्याला रिकाम्या बाटलीवरची चिठ्ठी नखाने खरवडताना पाहिलं.

शेवटची बैठक एप्रिलातल्या एका शनिवारी झाली. बाहेर उन्हाने डोळे दिपत होते, आत वाळ्याचे पडदे सोडलेले. अहवालाची प्रत टेबलावर होती. कमलाकांतरावांनी लेखणी उघडली आणि डॉक्टरांच्या तक्त्यावर ठेवली. डॉक्टर खिडकीकडे तोंड करून बसले होते. दाराशी पेल्यांचा किणकिणाट होऊ लागला. जानराव हातात ताट घेऊन उभा होता आणि त्याच्या हातांमुळे पेले एकमेकांवर आपटत होते.

“सायेब.”

कुणी लक्ष दिलं नाही.

“सायेब, थे पानी विहिरीचं नोहे.”

लेखणी थांबली. सगळ्यांनी वर पाहिलं, मी सोडून. मी माझ्या इतिवृत्ताच्या वहीकडे पाहत राहिलो.

“चिठ्ठीवर सही कुणाची आहे?” कमलाकांतरावांनी विचारलं.

“माही.”

“मग विहिरीतून पाणी कुणी काढलं?”

“कोनीच नाई काढलं जी. मी ओट्यावर बसलो. बायांनी भरून आनून देल्लं. मी पावना होतो जी. पावन्याले खारं पानी कोनी देत नाई.”

“चौदाही गावांत?”

“चौदाही.”

“विहिरीवर का गेला नाहीस?”

“भेव वाटते जी. विहिरीचं.”

अकोल्याचे रामराव खो-खो हसले. कमलाकांतराव हसले नाहीत. त्यांनी लेखणी डॉक्टरांच्या तक्त्यावरून उचलली, पानं उलटली, आणि स्वतःच्या तक्त्यावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत रेघ मारली. मग माझ्याकडे वळले. आवाज नेहमीइतकाच होता.

“चिटणीस, तुम्हाला हे आत्ताच कळतंय?”

जानरावने माझ्याकडे पाहिलं.

“हो,” मी म्हणालो.

जानरावने ताट खाली ठेवलं आणि हात जोडून उभा राहिला.

“उद्या सकाळी निघा,” कमलाकांतराव मला म्हणाले. “चौदा गावं, बारा दिवस आहेत. पाणी हा स्वतः काढील. तुम्ही काठावर उभे राहून पाहाल, आणि सही दोघांचीही असेल.”

पहिलंच गाव निंबखेड घेतलं. दमणीत सबंध वाटेत जानराव बाटल्या धरून बसला होता. मी दोनदा काही सांगायला तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा बैलांबद्दल बोललो. विहीर गावाबाहेर होती, बांधलेली, पण एका अंगाचे दगड निखळलेले. वीस हात लांब असतानाच त्याची चाल मंदावली. दहा हातांवर तो खाली बसला, आणि मग अक्षरशः पोटावर सरकत काठाकडे गेला. दुर्गाबाई मागून आली होती. तिने काही न विचारता त्याच्या धोतराचा सोगा हातावर गुंडाळला आणि पाय रोवून उभी राहिली. तिला माहीत होतं.

त्याने बाटली सोडली, पण डोळे घट्ट मिटलेले. बाटली विहिरीच्या भिंतीवर आपटली. डोळे मिटून दोन हात खोली कळणार कशी? त्याच्या पाठीला घामाने सदरा चिकटला होता आणि श्वासाचा घरघर आवाज येत होता. मला ते बघवेना.

“सरक, मी काढतो,” मी म्हणालो. “कुणाला कळणार नाही.”

“नाई जी,” तो डोळे मिटूनच म्हणाला. “सही माही हाय.”

मग त्याने डोळे उघडले आणि खाली पाहिलं. खाली बघत बघतच तो बोलायला लागला. माझ्याशी, बहिणीशी की विहिरीशी, कोण जाणे.

“मी सा वर्साचा होतो. माय पानी काढे अन मी काठावर बसलो होतो. दगड निंगाला अन ते गेली. मी पाहून राहिलो होतो. वरतं तोंड करून ते माह्याकडं पाहे. लोकं दूर नोहते जी, खळ्यातच होते. पन माह्या तोंडातून आवाज नाई निंगाला. लोकं आले तवा…”

“जाना,” दुर्गाबाई म्हणाली, “दोरी सोड.”

त्याने दोरी सोडली. दोन हात मोजले. बूच ओढलं. बुडबुडे वर आले, आणि त्याने बाटली वर घेतली.

मी तिथे उन्हात उभा होतो आणि मला थंडी वाजत होती. विहिरीची भीती त्याची होती, ती समजण्यासारखी होती. पण आवाज न निघण्याची जी गोष्ट तो सांगत होता, ती सहा वर्षांच्या पोराची होती. मी चौतीस वर्षांचा होतो.

उरलेल्या तेरा विहिरींवर तो तसाच पोटावर सरकत गेला. भीती कमी झाली असं म्हणता येणार नाही. शेवटच्या विहिरीवर त्याला उलटी झाली. पण सगळ्या अठ्ठावीस बाटल्या त्यानेच काढल्या.

कमलाकांतरावांनी पेले पुन्हा ओळीने मांडले. निंबखेडच्या पेल्यात पहिलाच थेंब पडला आणि पाणी ताकासारखं घट्ट पांढरं झालं. चौदात सर्वांत वाईट. डॉक्टरांनी स्वतःचा तक्ता शेजारी ठेवला. माझा जमाबंदीचा कागद मागून घेतला, तोही ठेवला. कमलाकांतरावांचा नवा तक्ता धरून तिन्ही कागद एकच नाव सांगत होते. मंडळ म्हणून आम्ही खऱ्या अर्थाने काम केलं असेल तर त्या दिवशी, आणि तेही अर्धा तास.

अहवाल वेळेत गेला. तलाव निंबखेडला मंजूर झाला. अहवालात मी लिहिलं, ‘नमुने काही कारणाने पुन्हा घ्यावे लागले.’ जूनमध्ये मी कायम झालो. जानरावचा कागद निघाला नाही. खोटी सही केली, असा शेरा होता. कमलाकांतराव स्वतः प्रिन्सिपॉलांकडे दोनदा जाऊन आले, असं मला नंतर कळलं. चिटणीसाने जाऊन सांगितलं असतं, की त्याने आठ दिवस आधी मला सांगितलं होतं आणि मीच त्याला गप्प बसवलं, तर कदाचित वेगळं झालं असतं. मी रोज उद्या जाऊ म्हणत होतो.

अडतीसच्या जानेवारीत तलावाचं काम कुठवर आलं ते पाहायला मंडळातर्फे मला पाठवलं. निंबखेडच्या शिवारात खोदकाम चालू होतं. मातीच्या पाट्या वाहणाऱ्यांत जानराव दिसला. तो आता बहिणीकडेच राहत होता. मला पाहून त्याने पाटी खाली ठेवली, हात जोडले आणि घरी चला म्हणाला. रागाने बोलला असता तर बरं झालं असतं.

तारा ओट्यावर सागरगोटे खेळत होती. अंगाने काडीसारखी, पण खेळत होती. दुर्गाबाईने मला घोंगडी टाकली आणि तांब्याभर पाणी आणून दिलं. मी घोट घेतला. गोड होतं. तलावाला अजून पावसाळा लागायचा होता, म्हणजे हे दोन कोसांवरून आलेलं.

जानरावलाही तहान लागली होती. तो उठला, कोपऱ्यातल्या दुसऱ्या माठात गडवा बुडवला आणि उभ्या-उभ्या पिऊ लागला. तोंड जरासुद्धा वाकडं केलं नाही. त्या घरात तो आता पाहुणा नव्हता.

“जानराव,” मी म्हणालो. “मलाही त्यातलंच दे.”

त्याने गडवा खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या बैठकीत पाहिलं होतं तसंच.

“नाई जी,” तो म्हणाला. “तुमी पावने.”

तांब्या माझ्या हातात होता. मी तो संपवला.